हात गुंतलेले असताना

गिअरबॉक्सच्या तपासणीला बसलो की पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही हात मनगटापर्यंत ग्रीसने माखतात, आणि मग प्रत्येक नोंदीसाठी हातमोजा काढायचा, कॉटन वेस्टने बोटे पुसायची, टॅबलेटवर खूण करायची आणि मोजा पुन्हा चढवायचा, हे चक्र सुरू होते. गेल्या वर्षी आमच्या मेंटेनन्स विभागात हेल्मेटला बसवायचा एक छोटा संगणक चाचणीसाठी आला, तेव्हा म्हणूनच मला मनापासून आनंद झाला होता. उजव्या डोळ्यापुढे अंगठ्याच्या नखाएवढा पडदा, तोंडाजवळ माइक, आणि पडद्यावर जो शब्द दिसेल तो मोठ्याने उच्चारला की पुढची पायरी उघडणार, अशी त्याची रचना होती.

ती चाचणी तीन आठवड्यांत बंद पडली. शॉपमधल्या गोंगाटाचे निमित्त पुढे केले गेले, पण माझ्या मते तो माइक गोंगाट चांगलाच गाळत होता. खरी अडचण अशी की ‘नेक्स्ट’ हा शब्द आम्ही दिवसभर एकमेकांशी बोलतानाही वापरतो. मी मदतनिसाला ‘नेक्स्ट बोल्ट दे’ म्हटले की पडद्यावरची पायरी पुढे सरके, आणि एकदा तर तेलाच्या पातळीची नोंद न होताच तपासणी पुढे गेल्याचे आम्हाला संध्याकाळी अहवाल वाचताना कळले.

त्या संध्याकाळपासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. अंगावरच्या संगणकाला माणसाची आज्ञा कळणे हे त्यामानाने सोपे आहे. माणूस आत्ता आपल्याशी बोलत नाही, नुसता आपले काम करतो आहे, हे त्याला कळणे फार अवघड आहे. नजरेने संगणक चालवण्याच्या प्रयोगांत हीच अडचण रॉबर्ट जेकब या अमेरिकी संशोधकाने १९९०च्या सुमारास मांडली आणि तिला हात लावेल त्याचे सोने होणाऱ्या मिडास राजाचे नाव दिले, कारण डोळा जिथे पडेल तिथली प्रत्येक गोष्ट आपोआप निवडली जाऊ लागली, तर माणसाला सहज इकडेतिकडे पाहण्याचीही सोय उरत नाही. नजर क्षणभर रोखून धरली तरच ती निवड मानावी, हा त्यावरचा नेहमीचा उपाय. पण तो क्षण लांबवला तर काम रेंगाळते आणि आखूड केला तर चुका वाढतात.

या प्रश्नाचे मला सर्वांत पटलेले उत्तर फार जुने आहे. गणितज्ञ एडवर्ड थॉर्प आणि माहितीशास्त्राचा पाया घालणारे क्लॉड शॅनन यांनी १९६१ मध्ये बारा ट्रान्झिस्टरांचा, सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक तयार केला, आणि अंगावर वागवण्याचा पहिला संगणक म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. रूलेट या जुगाराच्या चक्रावर गोळी कुठे थांबेल याचा अंदाज बांधणे हे त्याचे काम होते. कॅसिनोत हात हलवले तर संशय येणार, म्हणून बुटात पायाच्या अंगठ्याखाली बटणे बसवली होती. चक्रावरची ठरावीक खूण समोरून गेली की अंगठा दाबायचा, गोळी गेली की पुन्हा दाबायचा, आणि त्या दाबांमधल्या काळावरून हिशेब करून संगणक पैज लावणाऱ्या साथीदाराच्या कानात सूर वाजवणार. अचूक क्षणी अंगठा दाबण्याचा त्यांनी कसून सराव केला होता. लास व्हेगासला प्रत्यक्ष प्रयोग झाला तेव्हा यंत्राने साथ दिली, पण कानाकडे जाणाऱ्या केसासारख्या बारीक तारा वारंवार तुटत राहिल्या. जुगाराचे मला कौतुक नाही. या रचनेत माणसाकडून किती कमी मागितले होते, याचे मात्र मला फार कौतुक आहे. एकच खूण, तीही अशी की चालण्याबोलण्याच्या ओघात ती चुकून होण्याची शक्यता नाही.

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या व्ह्यूमॅन ३ या संगणकानेही १९९०च्या दशकात हीच काटकसर पाळली. अमेरिकी मरीन दलाच्या उभयचर वाहनांची तपासणी करणाऱ्या, म्हणजे आमच्यासारखेच तेलकट काम करणाऱ्या माणसांसाठी त्यात कीबोर्डऐवजी एक गोल चकती होती. ती फिरवली की पडद्यावरची खूण एकेक नोंद पुढे सरके. स्टीफन हॉकिंग यांच्याकडे अखेरच्या वर्षांत फक्त गालाचा एक स्नायू उरला होता. चष्म्याला लावलेला संवेदक त्याची हालचाल टिपत असे. पडद्यावर अक्षरांवरून खूण सरकवण्याचे काम संगणक करी, आणि हॉकिंग गाल हलवून केवळ ‘हे’ एवढेच सांगत.

आता मनगटावरच्या पट्ट्याने स्नायूंमधले विद्युतसंकेत वाचण्याचे तंत्र बाजारात आले आहे. मेटाने २०२५ मध्ये चष्म्यासोबत असा पट्टा विकायला काढला. बोटे जेमतेम हलली तरी तो ओळखतो, ही मोठीच मजल आहे. तरीही ज्या हाताने पाना आवळायचा त्याच हाताच्या स्नायूंकडून आज्ञाही घ्यायची, हे आमच्या कामात कितपत निभेल याची मला शंका वाटते.

भाषेचा मुद्दाही मला सोडवत नाही. मराठीत बोलून फोनवर टंकलेखन करण्याची सोय गूगलने २०१७ मध्येच दिली, तरी आमच्याकडे आलेल्या यंत्राला मराठीचा एकही शब्द समजत नव्हता. तीस वर्षे मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग ओळखणाऱ्या माणसाला त्या यंत्रापुढे इंग्रजी उच्चार सुधारत चार वेळा तोच शब्द म्हणावा लागत होता, आणि ते पाहताना मला अतिशय वाईट वाटत होते.

ते आमचे ज्येष्ठ फिटर. सगळा विभाग त्यांना मामा म्हणतो. चाचणी संपल्यावर हेल्मेट खोक्यात भरताना ते म्हणाले, “साहेब, तोंड बोलण्यात, हात कामात. पाय तेवढा मोकळा असतो. शिलाई मशीनसारखं पायाने चालणारं काही मिळत नाही का?” मी त्यांना शॅनन आणि थॉर्प यांच्या बुटाची हकिकत सांगितली. ऐकून झाल्यावर मामांनी आपला सेफ्टी शू काढला, त्याच्या पुढच्या लोखंडी टोपीच्या आत दोन बोटे घातली, आणि अंगठ्याखाली किती जागा शिल्लक आहे ते मला दाखवले.