सात पावलांचा रोल

राष्ट्रगीताआधी ड्रमवर जो रोल, म्हणजे दोन्ही काठ्यांचा सलग गडगडाट, वाजतो तो किती लांब असावा, हे भारत सरकारनं लिहून ठेवलं आहे. गृह मंत्रालयाच्या राष्ट्रगीताविषयीच्या आदेशात तसं कलमच आहे. बँड वाजवणार असेल तर आधी ड्रमचा रोल, म्हणजे लोकांना कळतं की आता उभं राहायचंय. लांबी संथ चालीतल्या सात पावलांची. हळू सुरू करायचा, चढवत चढवत जमेल तेवढा मोठा करायचा, मग उतरवायचा, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू आला पाहिजे. त्यानंतर एक ठोका पूर्ण शांतता आणि मग राष्ट्रगीत. घड्याळात बघितलं तर सहा-सात सेकंदांचा मामला.

मला हे पाठ आहे, कारण शाळेतल्या मुलांना बरीच वर्षं हेच शिकवते आहे. शाळेचा बँड बसवणं हे माझं पोटापाण्याचं काम. शिवाय दर रविवारी सकाळी मोठ्यांच्या हौशी बँडची तालीम असते, तिथली तालवाद्यांची बाजू माझ्याकडे. चाळीसेक जण आहोत. क्लॅरिनेटच्या पहिल्या खुर्चीवर दातांच्या डॉक्टरीणबाई, ट्रंपेटला कॉलेजची तीन पोरं, युफोनियमला, म्हणजे खालच्या सुरातल्या मोठ्या पितळी वाद्याला, रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा. आणि माझ्या शेजारी, मोठ्या ड्रमवर, सुभेदारसाहेब. लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले, पचमढीच्या लष्करी संगीत विभागात शिकलेले. सगळा बँड त्यांना काका म्हणतो. मला मात्र ते जमत नाही, मी 'साहेब'च म्हणते. ते मला 'बाई' म्हणतात, आणि त्या एका शब्दात चूक झाल्याचं, चूक होणार असल्याचं किंवा चूक होऊन गेल्याचं ते वेगवेगळ्या सुरात सांगू शकतात.

तर तो 15 ऑगस्टच्या संध्याकाळचा देशभक्तिपर कार्यक्रम. सभागृह म्हणजे वर पत्रा आणि दोन्ही बाजू मोकळ्या. ऑगस्टमध्ये अशा जागी कार्यक्रम ठेवणाऱ्यांच्या धाडसाबद्दल मी काही बोलत नाही.

दुपारपासूनच हवा ओली होती. ओली हवा फुंकवाद्यांना कशी छळते ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. लाकडी क्लॅरिनेटचे सांधे फुगतात, एकदा जोडलं की सुटता सुटत नाही. चाव्यांखालच्या गाद्या भोकाला चिकटून बसतात आणि स्वर अर्धवट निघतो. डॉक्टरीणबाई एका चावीखाली पातळ कागदाचा तुकडा सरकवायच्या, चावी हलकेच दाबायच्या, ओल टिपली की कागद काढायच्या, की पुढची चावी. त्यांच्या पेशंटलाही तोंडात इतक्या नाजूकपणे हात घालत असतील तर बरं. त्यातच दिवे लागले, माणसं भरली, हवा तापली. गरम हवेत फुंकवाद्यांचा स्वर वर चढतो. पण माझ्याकडे धातूच्या पट्ट्यांचं ग्लॉकेन्स्पील असतं, ते कुणाबरोबर चढत नाही. सातला बासरीवाल्यांशी तंतोतंत जुळवलेलं ते सव्वासातला त्यांच्या खाली बसलं होतं, आणि बासरीवाल्या मुली माझ्याकडे मीच काहीतरी केल्यासारख्या बघत होत्या.

पहिला अर्धा भाग छान गेला. 'कदम कदम बढाये जा' सुरू झालं आणि लोकांनी टाळ्यांनी ठेका धरला. राम सिंग ठाकुरींनी आझाद हिंद सेनेसाठी बांधलेली ही चाल मुळातच पाय उचलायला लावते. पण टाळ्यांचा एक स्वभाव आहे, त्या पुढे पळतात. गाणारी माणसं मागे रेंगाळतात, टाळ्या वाजवणारी पुढे धावतात, आणि ड्रमवाल्यानं दोघांकडेही कानाडोळा करून बँडमास्तरांच्या काठीकडे बघायचं असतं. कडव्याच्या मध्यावर माझा हात टाळ्यांकडे ओढला जायला लागला, तेव्हा शेजारून आवाज आला, "बाई." मी काठीकडे बघितलं.

मधल्या वेळात निवेदकानं एक किस्सा सांगितला. 1947 साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी आपल्या शिष्टमंडळाकडे वाद्यवृंदानं वाजवण्यासाठी राष्ट्रगीत मागितलं गेलं. त्यांच्याजवळ 'जन गण मन'ची ध्वनिमुद्रिका होती, तिच्यावरून तिथल्या वाद्यवृंदानं ते बसवलं आणि ते सगळ्यांना आवडलं. पुढे 25 ऑगस्ट 1948 ला पंडित नेहरूंनी संविधान सभेत हे सविस्तर सांगितलं. राष्ट्रगीताची चाल शब्दांपेक्षाही महत्त्वाची, ती वाद्यवृंदाला आणि बँडला वाजवता आली पाहिजे, असा त्यांचा रोख होता. इकडे गायक-संगीतकार मास्टर कृष्णरावांनी 'वंदे मातरम्'ही बँडवर वाजू शकतं हे दाखवून देण्यासाठी जिवाचं रान केलं होतं. शेवटी 24 जानेवारी 1950 ला जे ठरायचं ते ठरलं. पण या निवडीत बँडवर वाजणं हा एक मुद्दा होता, हे ऐकून आमची ट्रंपेटवाली पोरं उगाचच ताठ बसली.

त्यानंतर पाऊस आला. आधी पत्र्यावर मूठभर तांदूळ टाकल्यासारखा, आणि बघता बघता पोतंच ओतल्यासारखा.

आता खटक्याबद्दल सांगायला हवं. साइड ड्रमच्या खालच्या बाजूला धातूच्या तारांची पट्टी असते. बाजूचा खटका वर केला की तारा खालच्या पडद्याला टेकतात आणि ड्रमला तो ओळखीचा चर्र आवाज येतो. खटका खाली केला की तारा सुटतात आणि ड्रम रिकाम्या डब्यासारखा बोलतो. तारा लावून ठेवल्या तर एक पंचाईत होते. शेजारच्या एखाद्या वाद्यानं ठराविक स्वर धरला की त्या आपोआप गुणगुणायला लागतात. आमच्या शेवटून दुसऱ्या गाण्यात, शहिदांसाठीच्या त्या संथ रचनेत, युफोनियमवाले आजोबा एकटे वाजवतात. त्यांचा एक लांब खालचा स्वर आहे, नेमका माझ्या तारांच्या वर्मी बसणारा. म्हणून मी त्या गाण्यात खटका खाली करते. पुढे शेवटचं कूच गीत, आणि त्याच्या पानावर पहिल्याच मात्रेवर मी पेन्सिलनं ठळक लिहून ठेवलं आहे: 'तार!'

राष्ट्रगीताच्या पानावर मी कधी पेन्सिल लावली नाही. ते पान मी उघडतसुद्धा नाही, ते फाइलमध्ये आपलं असतं.

आजोबांनी तो लांब स्वर धरला तेव्हा पाऊस असूनही सभागृह ऐकत होतं. दुसऱ्या ओळीला ते मध्येच श्वास घेतील अशी मला भीती होती, पण त्यांनी एका दमात ओळ नेली, आणि शेवटाला आवाज इतका बारीक केला की पाऊस आणि युफोनियम यातला फरक कळेना. टाळ्या जरा उशिरानंच आल्या.

निवेदक उभा राहिला, माइकवर बोट आपटलं. काही नाही. पुन्हा आपटलं. कुठल्यातरी जोडात पाणी गेलं असावं. तो ओरडून काहीतरी सांगायला लागला, ते तिसऱ्या ओळीपलीकडे जाईना. मोकळ्या बाजूंनी पावसाचे फवारे आत यायला लागले. कडेच्या लोकांनी खुर्च्या सरकवल्या, मागच्यांनी छत्र्या उघडल्या, काही निघालेच. बँडमास्तरांनी एकदा वर पत्र्याकडे आणि एकदा लोकांकडे बघितलं आणि आम्हाला दोन बोटं आडवी फिरवून दाखवली. कूच गीत रद्द. थेट राष्ट्रगीत.

पानं उलटल्याचा आवाज झाला. काठी वर गेली. बँडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं.

एरवी निवेदक सांगतो, "कृपया उभे राहा." आज ते सांगणारा कुणी नव्हता. त्या सबंध कार्यक्रमात एवढीच जागा अशी असते की जिथं एकोणचाळीस माणसं थांबलेली असतात आणि मी एकटी वाजवते. मी रोल सुरू केला, नियमाप्रमाणे हळू. एक पाऊल. दोन. मला माझाच ड्रम ऐकू येईना. पावसामुळे असेल, असं म्हणून मी जोर वाढवला. तीन. तेव्हा कुठं कानाला कळलं की येणारा आवाज 'चर्र' नाही, 'धबधब' आहे. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आणि माझ्या ड्रमचा आवाज एकच झाला होता. समोर एक बाई मुलाच्या डोक्यावर ओढणी घालत होती. कुणी म्हणजे कुणी वळून बघितलं नाही.

खटका वर करायला हात लागतो आणि रोलला दोन्ही हात लागतात. एक हात उचलला तर रोल तुटतो. बँडमास्तर काठी वर धरून उभे, ट्रंपेटच्या पोरांनी श्वास भरून घेतलेला. चार. अंगावर सरसरून काटा येतो म्हणतात तसं काही झालं नाही, पोटात मात्र दगड पडला.

आणि माझ्या शेजारी मोठा ड्रम घुमायला लागला.

सुभेदारसाहेबांनी दोन्ही हातांत मऊ डोक्याच्या काठ्या घेतल्या होत्या आणि खालून, जमिनीतून यावा तसा रोल धरला होता. त्यांच्या पानावर त्या जागी काही लिहिलेलं नाही. आदेशातही मोठ्या ड्रमचा वेगळा उल्लेख नाही. ज्या माणसानं शाळेच्या पोरांना सहावं पाऊल आखूड पडलं म्हणून दहा-दहा वेळा परत फिरवलं, तो माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी डावा हात उचलला, खटका वर केला, आणि त्यांच्या घुमण्यात शिरून पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात केली.

या वेळी 'चर्र' आला. पुढच्या रांगेतली दोन मुलं आधी उठली. मुलं नेहमीच आधी उठतात, शाळेची सवय. त्यांच्यामागे त्यांची आई. मग लाट मागे मागे गेली, उघडलेल्या छत्र्या मिटत गेल्या, आणि फाटकापर्यंत पोचलेली माणसं तिथंच, पागोळ्यांखाली, वळून उभी राहिली. मी उतरवत आणलं. मोठा ड्रमही उतरला. सातव्या ठोक्यावर दोघं एकदमच थांबलो.

एक ठोका शांतता. म्हणजे फक्त पाऊस.

राष्ट्रगीताची ठरलेली लांबी 52 सेकंद. तालमीत आम्ही 53-54 पर्यंत आणतो आणि बँडमास्तर कुरकुरतात. पण लोक गायला लागले की हिशेब बदलतो. सभागृह पस्तीसेक मीटर लांब असेल तर आवाज मागच्या रांगेपर्यंत जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि त्यांचं गाणं आमच्यापर्यंत यायला आणखी तेवढाच. म्हणजे ते चोख तालात गायले तरी आम्हाला ते मागेच ऐकू येतात. त्यांच्यासाठी थांबलो तर ते आणखी मागे पडतात, आणि दोघं मिळून चाल चिखलात नेतात. म्हणून ऐकायचं नाही, काठी बघायची. त्या संध्याकाळी मी मान्य करते, शेवटच्या 'जय हे'ला सगळेच थोडे थोडे ऐकत होतो. काठीसुद्धा. गाडी साठीला टेकली असेल.

नंतर आवराआवर करताना आयोजकांपैकी एक गृहस्थ खास माझ्याकडे आले. "मॅडम, कमाल केलीत. लोक उभे राहीपर्यंत ड्रम सोडला नाहीत. आम्हाला वाटलं, गेला कार्यक्रम हातातून." बँडमास्तरही म्हणाले, "बरं ओळखलंत तुम्ही सभागृह." ट्रंपेटच्या एका पोरानं तर तो श्वास धरून ठेवताना डोळ्यांपुढे काजवे चमकले हे मला अभिमानानं सांगितलं. मी काय बोलणार? मी हसले. खटक्याचं नाव काढलं नाही. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण नाही सांगितलं एवढं खरं.

सुभेदारसाहेब मोठ्या ड्रमला प्लॅस्टिक गुंडाळत होते. मी दुसरं टोक धरायला गेले.

"साहेब, किती झाली सगळी मिळून?"

"तुमची वाया गेलेली चार धरून?"

"धरून."

"तेरा." दोरीची गाठ मारेपर्यंत ते काही बोलले नाहीत. "मधली दोन माझी. नियमात बसत नाहीत."

"लोक उभे राहिले ना पण."

"उभे राहिले," ते म्हणाले, आणि ड्रमचं त्यांच्याकडचं टोक उचललं. पावसातून तो टेम्पोपर्यंत नेताना त्यांनी माझ्याकडून दोनदा पाऊल बदलून घेतलं, कारण आमची पावलं जुळत नव्हती.

पुढच्या रविवारी तालमीला मी फाइल उघडली. बासरीच्या मुलींना ग्लॉकेन्स्पीलचं एक पान द्यायचं होतं, ते शोधताना राष्ट्रगीताचं पान वर आलं. रोलच्या खुणेच्या अगदी आधी, लाल पेन्सिलनं, लष्करी वळणाच्या सरळ अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं: 'तार!'