खुशाल

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

अण्णांचा हयातीचा दाखला आज एकदाचा झाला. मागच्या आठवड्यात बँकेत यंत्र त्यांचा अंगठा घेईना. पंच्याहत्तर वर्षांचा अंगठा. पलटणीतून सुटल्यावर पुढं उसाच्या फडात झिजलेला. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सोमवारी बघू आजोबा." आमचे हवालदार साहेब, म्हणजे अण्णा, शांतपणे "बरं" म्हणून वळले. चिडले मी, अख्ख्या रिक्षाभर.

आज घरीच मोबाईलवर चेहरा दाखवून केलं. २०२१ पासून ही सोय आहे, मलाच उशिरा कळली. त्यात डोळ्यांची उघडझाप करून दाखवायची असते. कॅमेरा समोर धरला, तर अण्णा खुर्चीत सावधान! पापणी हलेना. तीन वेळा फसलं. "अण्णा, डोळे मिटा की जरा," तर म्हणतात, "फोटूत डोळं मिटत्यात व्हय?" शेवटी आई मागून ओरडली, "अवो, नाकावर माशी!" त्यांनी डोळे मिचकावले आणि सरकारदरबारी अण्णा आणखी एक वर्ष जिवंत झाले.

चहा घेताना माझ्या लेकानं बांगलादेशातल्या जमालपूरची लढाई काढली. त्यानं मोबाईलवर कुठंतरी वाचलं होतं. १९७१ च्या डिसेंबरात आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी तुकडीला शरण येण्याची चिठ्ठी धाडली. एक म्हातारा बंगाली माणूस सायकलवरून ती घेऊन गेला, आणि तिकडच्या कर्नल सुलताननं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मग १० तारखेच्या रात्री ते कोंडी फोडून निघाले, ते थेट पहिल्या मराठा बटालियनच्या, म्हणजे अण्णांच्या 'जंगी पलटणी'च्या मोर्चांवर.

"आजोबा, ती गोळी तुम्ही बघितली?"

"चिठ्ठ्या सायेब लोकांच्या. आमी खड्ड्यात."

"मग काय केलं तुम्ही?"

"थंडी लई हुती."

एवढंच. पलटणीच्या घोषात शिवाजी महाराजांच्या मागोमाग टेंबलाई मातेचा जयजयकार येतो. तेवढा मात्र अजून तोंडात आहे. लष्करी कॅन्टीनचं सामान आणायला निघालो की कोल्हापुरातल्या टेंबलाईच्या टेकडीकडं बघून हात जोडतात आणि ओठ हलतात. बाकी युद्धावर कुणी विचारलं की थंडी, नाहीतर चिखल. सोळा डिसेंबरला सत्काराची शाल घेऊन येतात तेव्हाही तेच. लोकांना वाटतं, अण्णा विनयशील आहेत. मला इतकी वर्षं वाटायचं, तऱ्हेवाईक आहेत.

लेक गेल्यावर आई भांडी लावता लावता बोलत सुटली. यातलं बरंचसं मी आज पहिल्यांदा ऐकलं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लग्न झालं, आई सोळा-सतराची. रजा संपली आणि अण्णा गेले. पत्त्यात गावाचं नाव नाही, नुसतं '९९ एपीओ', लष्करी टपालाचा आकडा. म्हणजे माणूस नेमका कुठं आहे ते आईला कळायचं नाही. शिरोळकडचं आमचं गाव; गुऱ्हाळं पेटलेली, पोरं सीमेवर. रेडिओपुढं सगळी गोळा व्हायची, पण बायकांनी उंबऱ्याच्या आत बसून ऐकायचं. ढाका पडलं म्हणून गावात गुलाल उधळला. आईच्या हातात मात्र त्यानंतर पंधरा-वीस दिवस काहीच आलं नाही. गुलाल लावून घ्यायचा की नाही, हे तिला कळेना.

मग आंतर्देशीय आलं. आईला अक्षरओळख नव्हती. मास्तर ओट्यावर बसून खड्या आवाजात वाचायचे आणि सासू, सासरे, दीर, शेजारणी सगळ्या ऐकायच्या. अण्णांना हे ठाऊक होतं. तिकडं पत्रावर साहेबांची नजर, इकडं मास्तरांचा आवाज. या दोघांतून बायकोपर्यंत पोचणार काय? "मी येथे खुशाल आहे. तुम्हां सर्वांची खुशाली कळवावी. म्हशीस जपावे." लढाईतून जिवंत राहिलेल्या नवऱ्याचं पहिलं पत्र, आणि त्यात म्हैस! आई हसून सांगत होती. मला हसू येईना.

आठवड्याभरापूर्वी अण्णा न्हाणीत घसरले. गुडघा सुजून भोपळा झाला होता आणि मी विचारलं तर, "खुशाल हाय." आज कळलं, हा शब्द कुठं घोटून घेतलाय.

१९७८ नंतर गावोगाव प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले. आई दोन पोरं निजवून कंदिलाखाली बसायला जायची. मी त्यातली थोरली, मला ती पाटी अंधुक आठवते. वर्षभरानं तिनं स्वतःच्या हातानं अण्णांना पत्र लिहिलं. चार ओळी. "आता मास्तर नको. मी वाचतो." (आमच्याकडच्या बायका 'वाचतो'च म्हणतात, लिहितानाही.)

"मग त्यांचं उत्तर आलं?"

"आलं की. चार पानं."

२०१९ च्या महापुरात गावचं घर सोडताना आईनं डोक्यावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा धरला होता. आम्हाला वाटलं, डागदागिने असतील. डाग पाण्यात गेले. पुढं कोल्हापुरात आमच्याकडं आल्यापासून तो डबा देवघराच्या खालच्या फळीवर असतो आणि पुसायलासुद्धा ती कुणाच्या हातात देत नाही.

मी विचारलं, "काय लिहिलंय गं त्यात?"

अण्णा पलीकडं गुडघ्यावर शेक घेत बसले होते. आईनं एकदा तिकडं बघितलं.

"काय असणार? खुशाल हायत म्हून लिवलंय," म्हणाली, आणि कढई घासायला घेतली.