किंक्रांतीच्या रात्रीची रेघ

15 जानेवारी 2022, शनिवार. आदल्या दिवशी संक्रांत झालेली, टेबलावर तिळगुळाचा डबा उघडाच होता. सकाळी पावणेदहाच्या सुमारास प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला. दुपारी सरांचा फोन आला, "हवेतली लाट इकडे येणार. रिसीव्हर दर सेकंदाला नोंद घेईल असा लाव, डिस्क भरली तर भरू दे."

मुंबईत आमच्या गच्चीवर जीपीएसचा अँटेना आहे, त्याच्या नोंदी मी सांभाळते. उपग्रहाचे सिग्नल दोन वारंवारतांवर येतात, 1575.42 आणि 1227.60 मेगाहर्ट्झ. आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येताना दोन्हींना सारखा उशीर होत नाही. त्या फरकावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले ते कळतं. हा थर हेलकावला की शॉर्टवेव्ह रेडिओची वाटही हलते, आणि अरबी समुद्रावरच्या विमानांशी मुंबईहून अजूनही शॉर्टवेव्हवर बोलणं होतं.

कागदावर गणित मांडलं. अंतर सुमारे 12,900 किलोमीटर, हवेतल्या दाबलाटेचा वेग सेकंदाला 315 मीटरच्या आसपास. म्हणजे रात्री नऊ वाजून गेल्यावर.

वेळ अडचणीची होती. आपल्या आकाशात सूर्यास्तानंतर प्लाझ्माचे बुडबुडे, म्हणजे त्या थरातले विरळ इलेक्ट्रॉनांचे पट्टे, उठतात, उपग्रहांचा आलेख एरवीही थरथरतो. ती थरथर मी वर्षानुवर्षं गाळत आले होते. आज गाळायची नव्हती, पण तिच्यावर विसंबायचंही नव्हतं. म्हणून शेजारी वायुभारमापकाचा आलेख लावून ठेवला.

नऊनंतर तीच रेघ आधी उचलली. किंचितच, पण वारा नाही, ढग नाही आणि ती उचललेली! मी ताडकन उभी राहिले. खाली रस्ता नेहमीसारखा वाहत होता. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेली हवा डोक्यावरून जात होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

मग उपग्रह. पूर्वेकडच्या उपग्रहाची रेघ आधी वाकली. त्याच्यापासून चारेकशे किलोमीटर पश्चिमेचं आकाश दाखवणाऱ्या उपग्रहाची वीसेक मिनिटांनी. रात्रीचे बुडबुडे सहसा उलटे सरकतात, पश्चिमेकडून पूर्वेला.

सरांना फोन लावला. "दिशा पाहिलीस?"

"पूर्वेकडून पश्चिमेला, सर."

काही क्षण ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "दुसऱ्या बाजूने पृथ्वीला वळसा घालूनही येईल ती. वेळ काढ."

काढली. उरलेलं अंतर 27,100 किलोमीटर, जवळजवळ चोवीस तास. रविवारी सकाळी, पुन्हा पावणेदहाच्या सुमारास. नोंदींची एक प्रत काढून ठेवली आणि घरी कळवलं की आज येत नाही.