शनीला चंद्र किती?

मुलांच्या प्रश्नमंजूषेसाठी प्रश्न काढायला बसलं की शनीचे चंद्र हमखास आडवे येतात. जुन्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हा आकडा दर आवृत्तीला वेगळा सापडतो आणि गंमत म्हणजे प्रत्येक पुस्तक आपापल्या काळी बरोबरच असतं. मार्च २०२५ मध्ये तर एका फटक्यात १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि एकूण संख्या २७४ वर गेली. ज्या पोराने आदल्या रात्री १४६ हा आकडा घोकून ठेवला असेल, त्याने काय करायचं? औषधाच्या पट्टीवर असते तशी मुदत उत्तरांवर छापलेली नसते, हीच खरी पंचाईत.

कझाकस्तानच्या राजधानीने तर कहरच केला. आधी अस्ताना, २०१९ मध्ये नूर-सुल्तान, २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना! म्हणजे थोरल्या भावाचं, कोपरे दुमडलेलं २०१८ चं पुस्तक वापरणारी मुलगी आज गुण घेऊन जाते आणि २०२० ची कोरी करकरीत आवृत्ती आणणारा हात चोळत बसतो.

राजधान्या, चलनं, जन्मसालं यांचे प्रश्न मला तसे कंटाळवाणेच वाटतात. ‘शोध कोणी लावला’ या जातीचे तर त्याहून. ऑक्सिजनचंच घ्या. शेले यांनी तो आधी तयार केला, प्रीस्टली यांनी १७७४ मध्ये तयार केला पण जगाला आधी सांगितलं, आणि हा वायू नेमका काय आहे हे ओळखून त्याचं बारसं केलं लाव्हाझिए यांनी. उत्तराच्या रकान्यात मात्र जागा एकाच नावापुरती.

त्यापेक्षा बझरवरची झटापट बघण्यासारखी असते. प्रश्न सुरू झाला की मुलांचा तळवा बटणाच्या वर अधांतरी थरथरत असतो, नजर क्विझमास्टरच्या ओठांवर. ‘सर्वात कमी वयात नोबेल पारितोषिक मिळवणारी...’ इतकं कानावर पडतं न पडतं तोच बझर वाजतो. “मलाला!” उत्तर कसं खणखणीत. पण प्रश्न पुढे असा असतो: ‘...व्यक्ती मलाला युसुफझाई आहे. तिच्याआधी हा मान कोणाकडे होता?’ मग चेहरा पडतो, उणे गुण बसतात आणि शेजारचा संघ शांतपणे लॉरेन्स ब्रॅग हे नाव सांगतो. १९१५ मध्ये वडिलांबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल घेताना ब्रॅग २५ वर्षांचे होते आणि २०१४ मध्ये १७ वर्षांची मलाला येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं, हे उत्तर जागचं हललं नव्हतं. विज्ञानापुरतं विचारलंत तर अजूनही हललेलं नाही. हा प्रश्न काढणाऱ्याला मुलं मनातल्या मनात काय म्हणत असतील ते मला माहीत आहे, पण अशा प्रश्नांचा मोह सुटत नाही हेही खरं.

‘सर्वात उंच शिखर कोणतं’ असं विचारलं की एखादं कार्टं हमखास उलट विचारतं, “कुठून मोजायचं?” याला मी आगाऊपणा म्हणत नाही, अर्धा गुण द्यावा असं मला वाटतं. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली उंची ८८४८.८६ मीटर. पायथ्यापासून मोजलं तर हवाईचा मौना केआ १० हजार मीटरच्या वर जातो, फक्त त्याचा निम्म्याहून जास्त भाग पाण्याखाली आहे. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचं ठरवलं तर इक्वेडोरचा चिंबोराझो बाजी मारतो. उंची अवघी ६२०० मीटरच्या आसपास, पण तो विषुववृत्ताला खेटून उभा आहे आणि तिथे पृथ्वीचं पोट सुटलेलं आहे. त्यामुळे त्याचा माथा केंद्रापासून एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षा सुमारे दोन किलोमीटर जास्त दूर आहे.

मुलांचा लाडका ग्रह म्हणजे शुक्र. सूर्याभोवती फिरायला त्याला २२५ दिवस लागतात आणि स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला २४३. गिरकीही उलटी, त्यामुळे आपण एखाद्या आळशाला टोमणा मारतो तसा तिथे सूर्य खरोखरच पश्चिमेला उगवतो. असलं काही सांगितलं की वर्गातली मागची बाकंही जागी होतात.

“याचा उपयोग काय?” असं पालक विचारतात, मुलं कधी विचारत नाहीत. अशा पालकांना मी व्हेनेशिया बर्नीची गोष्ट सांगते. १९३० मध्ये क्लाइड टॉमबॉ यांना नेपच्यूनपलीकडे नवा ग्रह सापडला. ऑक्सफर्डमध्ये ही मुलगी न्याहारी करत होती आणि आजोबा वर्तमानपत्रातली ती बातमी वाचून दाखवत होते. ग्रहाला अजून नाव नाही म्हटल्यावर ती म्हणाली, प्लूटो ठेवा की. रोमन पुराणकथा तिने आवडीने वाचल्या होत्या. पाताळाचा देव तिला ठाऊक होता आणि सूर्यापासून इतक्या लांब, अंधारात राहणाऱ्याला ते नाव शोभेल असं तिला वाटलं. आजोबांनी ते एका खगोलशास्त्रज्ञांच्या कानावर घातलं, त्यांनी अमेरिकेतल्या वेधशाळेला तार केली आणि त्याच वर्षी नाव पक्कं झालं. पुढे जानेवारी २००६ मध्ये न्यू होरायझन्स हे यान तिकडे निघालं, तेव्हा प्लूटो ग्रह होता. २०१५ मध्ये पोचलं तेव्हा तो बटुग्रह झाला होता. त्या यानावर विद्यार्थ्यांनी बनवलेलं एक धूळ मोजणारं उपकरण आहे. त्याला व्हेनेशियाचं नाव दिलेलं आहे.

नाव सुचवलं तेव्हा तिचं वय किती होतं, हे मी पहिल्याच फेरीत विचारते. साठ, सत्तर अशी उत्तरं येतात. अकरा म्हटल्यावर समोरचे सगळे अकरा-बारा वर्षांचे चेहरे एकमेकांकडे बघतात आणि मग कोणीतरी हात वर करतंच, “तिला बक्षीस मिळालं का?”

मिळालं. आजोबांनी पाच पौंडांची नोट दिली.

“म्हणजे आजचे किती?”