पिशव्यांपाशी कुणीतरी

मोठ्या पार्कात गेलेल्या कुटुंबातलं एक माणूस कायम बाकावर असतं. एका बाजूला पाण्याच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला टॉवेल, मांडीवर सगळ्यांची पाकिटं आणि हातात कुणाचातरी चष्मा. या पदासाठी निवडणूक होत नाही. कोण बसणार हे घरून निघतानाच सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्याकडे ती जागा बेबीआत्याची.

गोराईचं एस्सेल वर्ल्ड, म्हणजे पाळण्यांचं आणि राइडचं मोठं पार्क, 1989 साली सुरू झालं, पण गिरगावातून आमचं कुटुंब तिथे पोचेपर्यंत नव्वदचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. तोवर टीव्हीवरच्या जाहिरातीचं गाणं चाळीतल्या पोरापोराला पाठ झालं होतं आणि बाबांना तिकिटाचा दर. चर्नी रोडहून उलटं चर्चगेटला जायचं, तिथे खिडकी पकडायची, बोरिवलीला उतरून बसने गोराई खाडी गाठायची आणि मग लाँच. मला विचाराल तर निम्मी सहल त्या लाँचमध्येच झाली. दोन्ही काठांना तिवरं, चिखलाचा खारट वास, रिकाम्या टोपल्या घेऊन घरी निघालेल्या कोळणी आणि इंजिनाच्या धडधडीत एकमेकांना ओरडून सांगितलेल्या सूचना. आत्या म्हणाली, "आता इथूनच परत फिरलो तरी चालेल हो मला." बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाबांचं दुखणं तिकीट हे होतं. आम्हाला माहीत होती ती जत्रा. वांद्र्याची मोतमाउलीची, नाहीतर माहीमच्या उरुसातली. तिथे हिशेब सरळ असतो. पाळण्याचे पैसे वेगळे, टोराटोराचे वेगळे, मौत का कुवाचे वेगळे. जो बसला नाही त्याचे वाचले. अमेरिकेतलं डिस्नेलँड 1955 साली उघडलं तेव्हा तिथेही जत्रेचीच रीत होती. आत शिरायचे वेगळे आणि राइडचे वेगळे. तिकिटांची ती पुस्तकं तिकडे 1982 साली बंद झाली. गोराईला मात्र आम्ही दारातच एकदा सगळे मोजले, मग दिवसभर कशातही बसा. ऐकायला मोठं उदार वाटतं, पण यात न बसणारं माणूस एकदम तोट्यात जातं. जत्रेत खाली उभी राहून हात हलवणारी आत्या आमचे पैसे वाचवायची. इथे तीच आत्या बाकावर बसून पैसे बुडवत होती.

"ताई, एकदा तरी बस. निदान मेरी-गो-राउंडला तरी."

"तू बस रे. माझ्या वाटचं पण बस."

बाबांनी ते मनावर घेतलं. खंडाळ्याच्या घाटात एस्टीच्या खिडकीतून मान बाहेर काढून बसणारा हा माणूस झिपर डिपर नावाच्या छोट्या रोलर कोस्टरमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसला, कारण तिथली रांग लहान होती. ती गाडी मुख्यत्वे पोरासोरांसाठी. दर फेरीनंतर पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने ते तिकिटाला राइडच्या संख्येने भागायचे आणि एका राइडचा भाव कितीवर आला ते जाहीर करायचे. काका कारखान्यात फिटर, त्यांना रांगेतच जास्त मजा. मागच्यापुढच्या अनोळखी लोकांनाही ते समजावत होते, "याला इंजिन नसतं. साखळी वर नेऊन सोडते, पुढचं सगळं उताराच्या जोरावर. म्हणून पहिली चढण सगळ्यात उंच ठेवतात, बघा." लोक बघत होते आणि त्यातले काही रांग सोडून जात होते.

बाकाकडे मात्र दुपारपर्यंत एक मंडळच स्थापन झालं. कांदिवलीच्या एक बा, रक्तदाबामुळे बसवलेले वसईचे एक गृहस्थ आणि आमची आत्या. एक उठला की बाकीचे त्याचं सामान बघणार, असा ठरावही झाला. बाहेरचं खाणं आत चालत नाही असं ऐकून आत्याने टॉवेलच्या घडीत चकल्या आणल्या होत्या. बांनी कुठून खाखरे काढले हे कुणी विचारलं नाही. कोण हसत उतरणार आणि कोण सरळ कठड्याकडे धावणार, याचे अंदाज ही मंडळी बांधत होती. एक नवी सून सासऱ्यांचा दंड गच्च धरून किंचाळत उतरली आणि चार पावलांनी भानावर येऊन पदर सावरू लागली. सासरे मात्र तसेच डोळे मिटून उभे. हे आम्हा कुणालाच दिसलं नाही, कारण तेव्हा आम्ही हवेत उलटे लटकलो होतो. आमच्याकडे सांगायला पुढे एकच वाक्य उरलं, "काय टरकली होती!" आत्याला चाळीच्या गॅलरीत दिवाळीपर्यंत पुरेल एवढा मजकूर मिळाला.

परतीच्या लाँचमध्ये बाबांनी हिशेब वाचून दाखवला. आत्याच्या नावापुढे शून्य होतं.

"शून्य कसं? दोनदा बाथरूमला जाऊन आले, ते धर की."

एस्सेल वर्ल्डचे पाळणे आता थांबले आहेत. शेजारचं, 1998 सालचं वॉटर किंगडम तेवढं चालू आहे. मुंबईची कुटुंबं हल्ली खोपोलीजवळच्या, 2013 साली उघडलेल्या इमॅजिकाला जातात. आम्हीही पुढच्या पिढीला घेऊन गेलो. तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरला पायाखाली फळीच नसते. पाय अधांतरी लोंबकळत असतात आणि लोक त्यासाठी आनंदाने रांगा लावतात. सामानाला भाड्याचं लॉकर मिळतं, म्हणजे आत्याचं पद तसं रद्दच. तरीही नायट्रोसमोर आल्यावर भावाला गुडघ्याचा पट्टा आठवला, वहिनी म्हणाली मला उन्हाचं होत नाही, आणि मी दोघांच्याही आधी बाकावर टेकलो होतो. एकच सॅक होती आणि सांभाळायला तिघं.