आढीतला आंबा आणि बंद खातं

रत्नागिरीतल्या आंबा बागायतदारांच्या ऑनलाइन ऑर्डरी सांभाळणं हे माझं हंगामी काम. 2024च्या एप्रिलअखेरीस पावसजवळच्या एका काकांचा सकाळीच फोन आला, "अगो, मोबाइल बिघडला वाटतं." मोबाइल ठीक होता, मेसेजिंग अ‍ॅपने खातं बंद केलं होतं. पडद्यावर स्पॅमचा मोघम उल्लेख, बाकी काही नाही.

काका वाशीच्या दलालांना कंटाळून थेट गिऱ्हाइकांना पेट्या पाठवतात. अ‍ॅपला मजकूर वाचता येत नाही, तो कूटबद्ध असतो. म्हणून यंत्र वागणूक बघतं: किती जणांना, किती भराभर मेसेज गेले, कितींनी ब्लॉक केलं. वर्षभर गप्प असलेला नंबर एप्रिलमध्ये एकदम शेकडो लोकांशी बोलू लागला, तर यंत्राला तो भामटा वाटणारच. हा माझा अंदाज. खरं कारण कुणी सांगितलंच नाही.

पण त्या दिवशी कारणापेक्षा पत्ते महत्त्वाचे होते. पैसे यूपीआयने आलेले, पत्ते चॅटमध्ये अडकलेले आणि आढीत आंबा पिकायला लागलेला. बँकेच्या नोंदीत फक्त नाव आणि रक्कम. काकूंनी गेल्या वर्षीच्या ट्रान्सपोर्टच्या पावत्यांचं बोचकं काढलं आणि आम्ही दोघी जुळवाजुळव करत बसलो. ऑर्डर नवऱ्याची, पैसे बायकोच्या खात्यातून, असे घोळ पुण्याच्या गिऱ्हाइकांत जास्त (पुणेकरांनी माफ करावं). संध्याकाळच्या गाडीने बहुतेक पेट्या गेल्या. उरलेल्यांचे चिडून फोन आले, तेव्हा त्यांचे पत्ते मिळाले.

मधल्या वेळात फेरतपासणीचं बटण दाबलं होतं. चहा संपायच्या आत उत्तर: तपासणी केली, निर्णय कायम. इतक्यात कुठला माणूस तपासतो? मग अ‍ॅपच्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. 2021च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तेव्हा पोच 24 तासांत आणि निकाल 15 दिवसांत द्यायचा होता. मोठ्या कंपनीने स्वतःहून वापरकर्त्याचा मजकूर हटवला तर कारण कळवावं, बाजू मांडू द्यावी, असंही त्यात आहे. अख्खं खातं बंद करणं तर त्याहून मोठं, असं मी मेलमध्ये ठणकावून लिहिलं. त्यानेही भागलं नाही, तर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं; तिचं पोर्टल 1 मार्च 2023पासून सुरू आहे.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "पंधरा दिवस? आंबा थांबेल काय गो तेवढा?"

अपिलाचा मसुदा तयार होता, पण लागला नाही. मेच्या मध्यावर खातं आपसूक चालू झालं. ना कारण, ना दिलगिरी. तोवर बागेत उरला होता तो किलोवर कॅनिंगला जाणारा माल. तरी काकांनी दर लिहायला घेतला आणि मध्येच थांबून विचारलं, "एका वेळी किती जणांना पाठवू?"

मी म्हटलं, दहा. दहाच का, ते मलाही सांगता आलं नसतं.