मामाचा कान वाहायचा, एवढंच

माझ्या मामाचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. कापसाचा बोळा, लसणाचं कोमट तेल, पावसाळ्यात जरा वास, बस, घरात कुणालाच त्यात काही वाटायचं नाही. मागच्या श्रावणात त्याचं डोकं दुखायला लागलं तर सगळे म्हणाले पित्त झालंय. गावातल्या डॉक्टरांनीही पित्ताची गोळी आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. ताप नव्हताच ना. मेंदूत पू झालेल्या जवळपास निम्म्या पेशंटना ताप येतच नाही हे मला तेव्हा कुठे माहीत होतं.

दहाबारा दिवसांनी जेवताना मामा म्हणाला "ती किल्ली दे गं" आणि बोट आमटीच्या पळीकडे. मामीला आधी हसू आलं. पण दुसऱ्यांदाही किल्लीच म्हणाला आणि स्वतःवरच चिडला, तेव्हा तिने घाबरून मला फोन केला.

सीटीत डाव्या कानाच्या वरच मेंदूत एक गोल कडी दिसली. पण कडी दिसली म्हणजे निदान झालं असं नाही हो, कॅन्सरची गाठ, टीबीची गाठ, मेंदूत गेलेली टेपवर्मची अळी, पू, सगळ्याची कडी दिसू शकते. मग पाठीतलं पाणी काढून तपासा ना, असं मीच विचारलं, तर डॉक्टर म्हणाले डोक्यात प्रेशर वाढलेलं असताना पाणी काढलं तर मेंदू खाली सरकतो, जीवावर बेतू शकतं. शेवटी एमआरआयच्या डिफ्युजन नावाच्या खास चित्रात कडीच्या आतला भाग पांढराशुभ्र चमकला, घट्ट पू बहुतेक वेळा असाच दिसतो म्हणे.

साडेतीन सेंटीमीटर. अडीचच्या वर असला की सहसा नुसत्या औषधांवर ठेवत नाहीत, कवटीला छोटं भोक पाडून सुईने पू ओढतात. भोक म्हटल्यावर मामी सही करेना, दोन तास गेले त्यात. नंतर वाचलं की 1876 साली ग्लासगोत विल्यम मॅकएवेन या सर्जनने एका मुलाच्या मेंदूत पू नेमका कुठे आहे ते स्कॅन वगैरे काही नसताना ओळखलं होतं, पण घरच्यांनी ऑपरेशनला नाही म्हटलं, मुलगा गेला आणि पू सांगितल्या जागीच सापडला. ते वाचताना मामीचा चेहराच डोळ्यासमोर आला.

पू निघाला पण कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्यात, काहीच वाढलं नाही, आधीच्या त्या पाच दिवसांच्या गोळ्यांमुळे असेल असं डॉक्टर म्हणाले. जंतू कोणता ते कळेना, म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि मेट्रोनिडाझोल ही दोन्ही अँटिबायोटिकं, सहा आठवडे, सगळं शिरेतून. तिसऱ्या आठवड्यात हाताला शीर सापडेना, नर्सताई गरम पाण्याच्या पिशवीने शेकून शेकून शोधायच्या आणि मामा तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसायचा. मग दंडातून लांब नळी घातली. त्यानंतर, कानातला पू जिथून मेंदूत शिरला ते कानामागचं सडलेलं हाड काढायचं ऑपरेशन वेगळंच.

आता आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानात घालतो, फिटची गोळी चालू आहे. आणि पळीला पळी म्हणतो, जरा थांबून.